करारी कर्नल, कोपिष्ट कर्णधार

नाशिक - गोल्फ क्लब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या येथील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर भल्या सकाळी सराव करणाऱ्या मुलांना कर्नल सी. के. नायडू हे नाव ठाऊक असते ते एका करंडकापुरते. तरुण खेळाडूंच्या या राष्ट्रीय स्पर्धेत राज्याच्या संघात स्थान मिळाले, की पुढची पायरी रणजी करंडकाची, एवढा हिशेब त्यांना पक्का माहीत असतो. मात्र ज्याचे नाव त्या करंडकाला आहे, त्या माणसाच्या हाताखाली खेळणे किती अवघड होते, हे फारसे कोणी सांगत नाही. भारताच्या पहिल्या कसोटी कर्णधाराची थोरवी सांगताना त्याचा राग झाकून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. नायडूंच्या बाबतीत तसे केले, तर निम्मा माणूसच हाती लागत नाही.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घराणे तेलुगू, पण नागपुरात रुजलेले आणि सुस्थितीतील. आजोबा वकील होते. वडिलांचे शिक्षण केंब्रिजला झाले होते आणि रणजितसिंहजी तेथे त्यांच्या बरोबरीचे होते. हिस्लॉप शाळेत शिकत असताना हा उंचापुरा, सडसडीत मुलगा चेंडू जमिनीवरून खेळण्यापेक्षा हवेतून सीमेपार धाडण्यात अधिक रमत असे. १९१६ मध्ये त्यांनी हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध प्रथम श्रेणी पदार्पण केले, आणि त्यांच्या पहिल्या धावा षटकारानेच झाल्या.

१९२३ मध्ये महाराज तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावून घेतले. त्यांना होळकरांच्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा मिळाला आणि पुढे ते कर्नल झाले. नाशिक जिल्ह्याला होळकर परके नाहीत. चांदवडचा रंगमहाल आजही त्यांच्या वैभवाची साक्ष देत उभा आहे. त्याच घराण्याच्या आश्रयाने नायडूंचे उर्वरित आयुष्य घडले, आणि फौजेची शिस्त त्यांच्या क्रिकेटमध्ये उतरली ती कायमची.

त्यांना देशभर कीर्ती मिळवून दिली ती १ डिसेंबर १९२६ च्या खेळीने. मुंबईच्या जिमखाना मैदानावर आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध हिंदू संघाकडून खेळताना त्यांनी ११६ मिनिटांत १५३ धावा केल्या. त्यात ११ षटकार आणि १३ चौकार होते. गोऱ्या साहेबाच्या गोलंदाजीची अशी दाणादाण उडालेली मुंबईकरांनी त्यापूर्वी पाहिली नव्हती. खेळ पाहायला लोक कचेऱ्या सोडून आले, झाडांवर चढले, आसपासच्या छपरांवर बसले. या खेळीबद्दल एमसीसीने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. भारताला कसोटीचा दर्जा मिळावा, या मागणीला त्या दिवशी बळ आले.

सहा वर्षांनी तो दर्जा मिळाला. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्याचे कर्णधार होते पोरबंदरचे महाराज आणि उपकर्णधार लिंबडीचे घनश्यामसिंहजी. महाराजांना आपल्या खेळाच्या मर्यादा चांगल्या ठाऊक होत्या. ते बाजूला झाले, लिंबडीकर दुखापतग्रस्त होते, आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्‌सवर भारताच्या पहिल्या कसोटीची धुरा नायडूंकडे आली. येथेच त्यांच्या स्वभावाची पहिली मोठी किंमत मोजावी लागण्याची वेळ आली होती. कसोटीच्या आदल्या रात्री संघातील काही जणांनी पहाटे पहाटे महाराजांना झोपेतून उठवून, नायडूंच्या हाताखाली आम्ही खेळणार नाही, असे बजावल्याचे सांगितले जाते. महाराजांनी ताकीद दिली तेव्हा कोठे अकरा जण मैदानात उतरले. परतीच्या प्रवासात तर सोराबजी कोला या फलंदाजाने कर्णधाराला बोटीवरून समुद्रात फेकून देण्याची भाषा केल्याची कथाही क्रिकेटच्या इतिहासकारांनी नोंदविली आहे.

या बंडाची कारणे केवळ रागात शोधणे मात्र बरोबर ठरणार नाही. तो संघ जाती-धर्माच्या आणि संस्थानांच्या गटांत विभागलेला होता. सामान्य घरातील माणसाने राजेरजवाड्यांच्या संघाचे नेतृत्व करावे, हेही काहींना पचले नव्हते. तरीही नायडूंच्या बोलण्यातील धार आणि वागण्यातील ताठा यांनी आगीत तेल ओतले, यात शंका नाही. खेळाडू कोणत्याही गटाचा असो, चुकला की त्याला सर्वांदेखत ऐकून घ्यावे लागे. दिलजमाई करणे हे काम ते आपले मानतच नसत.

मैदानावर मात्र त्यांनी कोणाला बोट दाखवायला जागा ठेवली नाही. महंमद निसार आणि अमरसिंग यांच्या माऱ्यापुढे इंग्लंडची अवस्था सुरुवातीलाच ३ बाद १९ अशी झाली होती. क्षेत्ररक्षणात हाताला इजा झालेली असतानाही नायडूंनी पहिल्या डावात ४० धावा केल्या आणि भारताच्या डावातील ती सर्वोच्च धावसंख्या ठरली. भारत १५८ धावांनी हरला. त्या दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणी सामन्यांत १६१८ धावा केल्या आणि ६५ गडीही बाद केले. विस्डेनने त्यांना १९३३ च्या पाच सर्वोत्तम खेळाडूंत स्थान दिले.

१९३३-३४ मध्ये डग्लस जार्डिनचा संघ भारतात आला तेव्हाही कर्णधार तेच होते. मुंबईतील पहिल्या कसोटीत तरुण लाला अमरनाथांनी ११८ धावांची ऐतिहासिक खेळी केली, तेव्हा १८६ धावांच्या भागीदारीत दुसऱ्या टोकाला नायडू उभे होते. पुढे १९३६ च्या दौऱ्यात नेतृत्व विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. खेळापेक्षा दरबार मोठा झालेला तो दौरा होता. अमरनाथांना शिस्तीच्या नावाखाली मध्येच मायदेशी धाडण्यात आले. न्याहारीच्या टेबलावर नायडूंचा अपमान केल्याचे बक्षीस म्हणून बाका जिलानी यांना ओव्हलच्या कसोटीत स्थान मिळाले, ही कथा तेव्हापासून सांगितली जाते. संघनायकाच्या अहंकाराने संघ कसा पोखरतो, हे त्या उन्हाळ्यात नायडूंनी दुसऱ्या बाजूने अनुभवले. त्यांनी उत्तर दिले ते बॅटने. ओव्हलवर गबी ॲलन यांच्या चेंडूचा जबर मार बसूनही त्यांनी ८१ धावा काढल्या. त्यांच्या सात कसोटींच्या कारकिर्दीतील ती सर्वोच्च आणि अखेरची मोठी खेळी.

नायडूंचे खरे राज्य होते ते इंदूरमध्ये. त्यांच्या नेतृत्वाखाली नऊ वर्षांत होळकर संघ आठ वेळा रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत पोचला आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असा चार वेळा विजेता ठरला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर, धाकटे बंधू सी. एस. नायडू अशी गुणवान माणसे त्यांच्याभोवती होती. मुश्ताक अलींना तर कोवळ्या वयात हेरून घडविले ते नायडूंनीच. या संघात कर्णधार, प्रशिक्षक आणि पंतोजी या तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे होत्या. वेळ चुकवलेली, झेल सोडलेला किंवा पोशाखात ढिलाई झालेली त्यांना खपत नसे. दुखणे हे मैदान सोडण्याचे कारण होऊ शकते, हे त्यांना मान्यच नव्हते. त्यांच्यासमोर मोठमोठे खेळाडूही शाळकरी पोरांसारखे गप्प उभे राहत.

मार्च १९४५ चा मुंबईविरुद्धचा अंतिम सामना या कठोरपणाचा जणू लेखी पुरावाच आहे. ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या. त्या दोन डावांत मिळून सी. एस. नायडू यांनी १५२.५ षटके, म्हणजे ९१७ चेंडू टाकले, ४२८ धावा मोजल्या आणि ११ बळी घेतले. लेगस्पिन टाकणाऱ्या माणसाच्या बोटांचे आणि खांद्याचे काय झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. चेंडू हाती देणारा कर्णधार त्याचा सख्खा थोरला भाऊ होता! डेनिस कॉम्प्टनच्या नाबाद २४९ धावांनंतरही होळकर संघ ३७४ धावांनी हरला. पुढच्याच हंगामात बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात पन्नाशीतील नायडूंनी द्विशतक ठोकले आणि करंडक प्रथमच इंदूरला नेला.

इतरांना जे लावले तेच त्यांनी स्वतःलाही लावले, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. छप्पन्नाव्या वर्षी मुंबईविरुद्ध खेळताना दत्तू फडकरांचा उसळता चेंडू त्यांच्या तोंडावर बसला. दोन दात खेळपट्टीवर पडले. ते बॅटने बाजूला सारून, उपचार नाकारून, त्यांनी पुन्हा पवित्रा घेतल्याची आणि फडकरांनी वेग कमी करताच त्यांच्यावरच नाराज झाल्याची हकिगत जुने क्रिकेटशौकीन अजून रंगवून सांगतात. प्रतिस्पर्ध्याने दया दाखवावी, हा त्यांना अपमान वाटे.

खेळातील दुर्वर्तनाचा निराळा नमुना त्याच काळात पुण्याने पाहिला होता. डिसेंबर १९४८ मध्ये महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर असताना आणि ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विश्वविक्रम हाताशी आलेला असताना, पाहुण्या संघाचे कर्णधार असलेल्या राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी उपाहारानंतर खेळण्यास नकार देऊन सामनाच सोडून दिला. नायडूंच्या संघानेही शेकडो धावांचा मार सोसला होता, पण मैदान सोडून जाण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला असेल, असे वाटत नाही. त्यांच्या रागाचे चटके प्रतिस्पर्ध्यांना क्वचितच बसले. ते बसले स्वकीयांना.

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉबी नाइट यांच्याबद्दल असाच वाद अनेक वर्षे चालला. तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळविणाऱ्या या गुरूने १९८५ मध्ये भर सामन्यात खुर्ची मैदानात भिरकावली आणि सततच्या गैरवर्तनामुळे २००० मध्ये विद्यापीठाने त्यांना काढून टाकले. नायडूंना जाब विचारणारे असे कोणी नव्हते. संस्थानी क्रिकेटमध्ये महाराजांची मर्जी हाच कायदा होता आणि करंडक येत होते, तोवर ती मर्जी कायम होती.

त्यांच्या ताठरपणाची सर्वात मोठी किंमत मात्र देशाच्या संघाने मोजली. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यापूर्वी विनू मंकड यांना हॅस्लिंगडन या क्लबकडून व्यावसायिक करार मिळाला होता. कसोटी संघातील स्थानाची हमी मिळाली तर करार सोडण्याची मंकड यांची तयारी होती. निवड समितीचे अध्यक्ष नायडू होते. जगातील अग्रगण्य अष्टपैलू खेळाडूंपैकी एक असलेल्या मंकड यांना अशी हमी देण्यास नकार मिळाला. तत्त्व म्हणून तो निर्णय योग्यही म्हणता येईल. हमी मागून संघात येणारा खेळाडू कोणत्या निवड समितीला आवडेल? पण लीड्‌सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताचे चार गडी शून्य धावांवर बाद झाले आणि मंकड यांना क्लबकडून मागून घेण्याची नामुष्की ओढवली. लॉर्ड्‌सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, पाच बळी घेतले. तो सामना भारत हरला, तरी मंकडची कसोटी म्हणूनच ओळखला जातो.

धाकामुळेच होळकर संघ जिंकत राहिला का, हा प्रश्न इंदूरमध्ये अनेकदा चर्चिला गेला. नायडूंनंतर १९५३-५४ आणि १९५४-५५ या दोन्ही हंगामांत संघ पुन्हा अंतिम फेरीत पोचला. गुणवत्ता होतीच, राग नसता तरी चालले असते, असे म्हणणाऱ्यांना हा आधार पुरेसा वाटतो. दोन्ही अंतिम सामने होळकर संघ हरला, याकडे दुसरा पक्ष बोट दाखवितो.

नायडूंनी वयाची साठी उलटल्यावरही उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले. १९५६-५७ मधील अखेरच्या रणजी डावात त्यांच्या ५२ धावा होत्या. १९५६ मध्येच त्यांना पद्मभूषण मिळाले. हा सन्मान मिळविणारे ते पहिले क्रिकेटपटू. १९६३ मध्ये ते पुन्हा एकदा प्रथम श्रेणी सामन्यात उतरले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या चंद्रा नायडू पुढे देशातील पहिल्या महिला क्रिकेट समालोचक झाल्या आणि वडिलांच्या आठवणींचे पुस्तकही त्यांनी लिहिले. क्रिकेट मंडळाने १९९४ मध्ये नायडूंच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्याचे पहिले मानकरी ठरले लाला अमरनाथ, ज्यांना स्वतःच्या तापट स्वभावापायी कारकिर्दीत कमी सोसावे लागले नव्हते.

होळकर संघ नावाने संपला, तरी इंदूरच्या स्टेडियमला होळकरांचेच नाव आहे. १ जानेवारी २०१८ रोजी तेथेच दिल्लीला हरवून विदर्भाने, म्हणजे नायडूंच्या नागपूरने, प्रथमच रणजी करंडक जिंकला. २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने मुंबईला नमवून तो मिळविला, तेव्हा १९५२-५३ नंतर प्रथमच तो त्या मातीत परतला. दोन्ही संघांचे प्रशिक्षक होते मुंबईचे माजी यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित, आणि दोन्ही विजयांनंतर चर्चा झाली ती त्यांच्या कडक शिस्तीची.