न्यायमूर्ती रानडे : न्यायाधीशांना घडवणारे न्यायाधीश

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे म्हटलं की आपल्याला समाजसुधारणा, प्रार्थना समाज आणि सार्वजनिक सभा आठवते. परीक्षेतही तेवढंच विचारतात. पण त्यांच्या नोकरीतली सहा वर्षं अशी आहेत की ज्यांत त्यांचं मुख्य काम दुसऱ्या न्यायाधीशांचं काम तपासणं आणि सुधारणं हे होतं. आज न्यायिक अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाविषयी आपण ऐकतो. रानड्यांनी ते काम गावोगावच्या कोर्टांत बसून केलं.

रानड्यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड इथे झाला. मुंबईत शिक्षण, 1866 मध्ये कायद्याची पदवी, काही काळ एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन आणि 1871 पासून पुण्यात सबजज्ज. पुढे सरकारला त्यांच्याविषयी संशय आला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या सुमारास त्यांची बदली नाशिकहून धुळ्याला झाली. तो भाग तुम्हाला पाठ्यपुस्तकात सापडेल, म्हणून इथे लांबवत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. त्यांचा राग माणसांपेक्षा कागदांवर जास्त होता, म्हणून त्यांनी कर्जरोखे हिसकावून जाळले. असं का झालं? कुणब्याला वाचता येत नसे. जुन्या कर्जाचं व्याज मुद्दलात मिळवून सावकार नवं खत लिहून घेई, कुणबी त्यावर निशाणी करी. दावा लागला की तो कोर्टात जातच नसे. मग निकाल एकतर्फी होई आणि जमीन हातची जाई.

चौकशी होऊन 1879 मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट रिलीफ ॲक्ट आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. या कायद्याने न्यायाधीशाला सांगितलं की प्रतिवादीला बोलावून त्याची जबानी घ्या. नुसत्या खतावर जाऊ नका, व्यवहार पहिल्यापासून उकलून पाहा. म्हणजे काय, तर आजवर कागदाला प्रमाण मानायला शिकलेल्या सबजज्जाने आता कागदाच्या मागे जायचं. सवय मोडायची होती हो! आणि ती मोडणं किती अवघड असतं, हे कुठलाही शिक्षक सांगेल.

त्यात आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. अशा बऱ्याच दाव्यांत अपील ठेवलेलं नव्हतं. खर्च वाचावा हा हेतू चांगलाच. पण मग सबजज्जाने कंटाळून, घाईने किंवा सावकाराच्या वहीवर भरवसा ठेवून निकाल दिला, तर गरिबाने जायचं कुठे? म्हणून अपिलाच्या जागी देखरेख आली. विशेष न्यायाधीशाने कोर्टांची तपासणी करायची, दप्तर मागवायचं, आणि अन्याय झालेला दिसला तर निकाल दुरुस्त करायचा.

रानड्यांनी आधी या कामात सहाय्यक म्हणून पुणे-सातारा भागात तपासणी केली. 1887 मध्ये डॉ. पोलन यांच्या जागी ते विशेष न्यायाधीश झाले. चार जिल्ह्यांत सतत दौरे, बरोबर रमाबाई. रानड्यांची दृष्टी अधू होती, त्यामुळे पुष्कळ वाचन दुसऱ्यांकडून करून घ्यावं लागे. तरीही कागदांचे ढीग उपसण्याचं हे काम त्यांनी सहा वर्षं केलं. चूक काढणं सोपं असतं बरं का. खालच्या माणसाला धाकात न ठेवता नीट काम करायला लावणं कठीण. रानडे मुळात अध्यापक होते, ते इथे उपयोगी पडलं असणार. याच काळात पुण्यात तरुण गोपाळ कृष्ण गोखले त्यांच्या हाताखाली अर्थशास्त्र आणि लेखन शिकत होते. तिथेही रानड्यांची शिस्त कडकच होती.

कोर्ट कितीही सुधारलं तरी शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी पैसा लागणारच, तो कोण देणार? हा प्रश्न रानड्यांनी सोडला नाही. शेतीसाठी रास्त व्याजाने कर्ज देणारी व्यवस्था उभी राहावी, असं त्यांनी याच वर्षांत मांडलं. मला हे विशेष वाटतं, कारण स्वतःच्याच खात्याच्या मर्यादा इतक्या उघडपणे दाखवणारा अधिकारी तेव्हाही विरळाच होता.

1893 मध्ये न्यायमूर्ती तेलंगांचं निधन झालं आणि त्या जागी रानड्यांची मुंबई हायकोर्टावर नेमणूक झाली. दौरे थांबले. 16 जानेवारी 1901 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं, तेव्हा एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता.