वाट कोणाची? घोड्यावरच्याची की पायी चालणाऱ्याची?

बुलडाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही तहसील कचेरीत जा, रस्त्याच्या अर्जांचा गठ्ठा दिसल्याशिवाय राहणार नाही. कोणाची पांदण अडवलेली, कोणाचा शिवरस्ता नांगरून टाकलेला, कोणाच्या धुऱ्यावरच्या पायवाटेवर काट्या टाकलेल्या. घाटावरचे मेहकर, चिखली असो की घाटाखालचे नांदुरा, जळगाव जामोद, रडगाणे एकच. काळा कोट घालून अशी प्रकरणे चालवताना एक गोष्ट आमच्या नेहमी ध्यानात येते. वाट अडवणारा बहुधा ट्रॅक्टरवर नाहीतर मोटारसायकलवर बसलेला असतो. जिची वाट अडवली जाते ती बाई डोक्यावर भारा घेऊन पायी चालत असते. पूर्वी ट्रॅक्टरच्या जागी घोडा होता. घोडा गेला, पण घोड्यावरून खाली बघणारी नजर काही गेली नाही.

अशा प्रकरणात कायदा पहिला प्रश्न विचारतो तो वहिवाटीचा. वाट किती वर्षांपासून चालू आहे? उघडपणे, बिनतक्रार, हक्काने चालू आहे काय? सुविधाधिकार कायद्याने त्यासाठी वीस वर्षांची मुदत सांगितली आहे. म्हणजे वाट चालणाऱ्याची असते, पायांनी ती सिद्ध होते. तत्त्व चांगले आहे. परंतु या देशात आणखी एक वहिवाट होती. घोड्यावरच्याने रस्त्याच्या मधून जायचे आणि आमच्या आज्या-पणज्याने खाली उतरून बाजूला उभे राहायचे. हीसुद्धा वहिवाटच म्हटली गेली आणि शेकडो वर्षे कोणी तिला आव्हान दिले नाही. ते आव्हान कोर्टात, सभागृहात आणि रस्त्यावर ज्यांनी दिले त्या परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आज आपण या वाटेच्या अंगाने पाहू.

गावकीतला महार म्हणजे पायी चालणारा माणूस. सरकारी अंमलदार गावात आला की त्याचे ओझे वाहायचे, त्याला वाट दाखवायची आणि तो घोड्यावर असेल तर घोड्यापुढे धावत पुढच्या गावापर्यंत पोचवायचे, हे वतनी महाराच्या माथी मारलेले काम होते. दिवस असो की रात्र, ऊन असो की पाऊस. ज्याला सगळ्या वाटा ठाऊक, त्याच्या मालकीची मात्र एकही वाट नाही! बाबासाहेबांच्या घराण्याला या चक्रातून बाहेर काढले ते लष्कराच्या नोकरीने. वडील रामजी सैन्यात सुभेदार झाले आणि 14 एप्रिल 1891 रोजी महूच्या छावणीत भीमरावांचा जन्म झाला. छावणीत जन्मलेल्या या पोराला गावच्या रस्त्याने आपली जात दाखवली ती वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी.

साल 1901. रामजी सुभेदार सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. त्यांना भेटायला भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुले आगगाडीने निघाली व मसूर स्टेशनवर उतरली. चांगले कपडे, टोप्या, हातात पैसे. पत्र वेळेवर न पोचल्याने घ्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच स्टेशन मास्तरांचा चेहरा बदलला आणि एकही गाडीवान मुलांना घेईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला. अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची, तो शेजारून पायी चालणार. मुलांनी रात्री उशिरापर्यंत प्रवास केला. जवळ जेवण होते पण पाणी मिळाले नाही म्हणून चौघेही उपाशी राहिले.

येथे वाचकांनी थोडे थांबावे. या प्रसंगात अस्पृश्य मुले गाडीवर आणि सवर्ण मालक पायी आहे. तरीही श्रेष्ठ कोण? पायी चालणारा! मग विटाळ वाहनात होता की पायात? कशातच नव्हता. तो मनुस्मृतीने पोसलेल्या डोक्यात होता. केवळ गाडीत बसल्याने माणूस मोठा होत नाही, हा धडा बालभीमाला त्या रात्री मिळाला.

पुढचा इतिहास समाजाला ठाऊक आहे. 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन, बॅरिस्टरीची सनद आणि 1923 पासून मुंबईत वकिली. त्याच 1923 मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला व सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. पण कागदावर! तिकडे त्रावणकोरात वायकोमच्या देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे म्हणून 1924-25 मध्ये सत्याग्रह करावा लागला. त्याच त्रावणकोरात 1893 साली अय्यनकाली यांनी बंदी झुगारून सार्वजनिक रस्त्यावरून आपली बैलगाडी हाकली होती. देवळात जाणे ही फार पुढची गोष्ट, या देशात आधी रस्त्यासाठी लढावे लागले, हे विसरता कामा नये.

20 मार्च 1927 रोजी महाडला बाबासाहेब हजारो बांधवांसह परिषदेच्या मंडपातून चवदार तळ्यापर्यंत पायी चालत गेले. तळ्याचे पाणी सगळ्यांना आठवते, तळ्यापर्यंतचा रस्ता कोणाला आठवत नाही. गावाच्या मधल्या रस्त्यावरून रांगेने, शिस्तीने, मान वर करून चालणे हाच अर्धा सत्याग्रह होता. म्हणून तर परतणाऱ्या आमच्या माणसांवर त्याच रस्त्यांवर काठ्या चालल्या. डिसेंबर 1927 मध्ये तळे आपल्या वहिवाटीचे आहे असा दावा सनातनी मंडळींनी दिवाणी कोर्टात लावला. बाबासाहेब वकील होते, दाव्याची मेख कुठे आहे हे त्यांना कळत होते. जवळजवळ दहा वर्षे लढत चालली. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळापासूनची वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही. एका वकिलाच्या नजरेने आम्ही सांगतो, वहिवाटीचे भूत भर कोर्टात बाटलीत बंद झाले ते या दिवशी.

मधल्या काळात, मार्च 1928 मध्ये, बाबासाहेबांनी महार वतनात सुधारणा करणारे विधेयक कायदेमंडळात मांडले. घोड्यापुढे धावणाऱ्याच्या पायातली बेडी काढण्याचाच तो प्रयत्न होता. पुढच्याच वर्षी त्यांच्यावर जिवावरचा प्रसंग ओढवला, तोही आपल्या बुलडाण्याला लागून असलेल्या खानदेशात. 1929 साली सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते त्या भागात होते. धुळ्याच्या वाटेवरील एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून चाळीसगावला उतरले. महारवाडा स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. परंतु आपला बॅरिस्टर पायी चालत येणार हे वस्तीला रुचेना. टांगेवाले महाराला घेऊन जाणे कमीपणाचे मानत. मग टांगा तेवढा भाड्याने घेतला आणि ज्याने आयुष्यात कधी लगाम धरला नव्हता असा एक बांधव हाकायला बसला. नदीवरच्या फरशीवर टांगा उलटला. घोड्यासह टांगा पाण्यात गेला, बाबासाहेब दगडांवर आपटले आणि पाय जायबंदी झाला.

टांगेवाल्याचा दोष उघड आहे. बॅरिस्टरपेक्षा तो स्वतःला उंच समजत होता. पण बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिताना आपल्या माणसांच्या अट्टहासाची बाजूही प्रामाणिकपणे नोंदवली. वस्तीचे प्रेम खरे होते, तिचा स्वाभिमानही खरा होता. तरी मोठा माणूस वाहनातच शोभतो, हा विचार मात्र घोड्यावरच्यांकडून उसना घेतलेला होता. बाबासाहेबांना स्वतःला पायी चालण्याची लाज कधीच वाटली नाही. 10 जानेवारी 1938 रोजी खोतीविरुद्ध हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर त्यांनी नेला. कोकणातली अनवाणी माणसे राजधानीच्या रस्त्यावरून चालली.

या सगळ्या वाटा शेवटी संविधानात येऊन मिळाल्या. 26 जानेवारी 1950 पासून कलम 15 च्या दुसऱ्या पोटकलमात विहिरी, तळी, घाट यांच्यासोबत रस्ते हा शब्द लिहिलेला आहे. कलम 17 ने अस्पृश्यता संपवली, कलम 19 ने देशभर मुक्त संचाराचे स्वातंत्र्य दिले. मसूरच्या स्टेशनवर ताटकळलेल्या मुलाने देशातल्या प्रत्येक पायी चालणाऱ्याच्या हातात रस्त्याचा सातबारा दिला! 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दीक्षा घ्यायला वऱ्हाडातली माणसे रेल्वेने गेली, बैलगाडीने गेली, पायी गेली. पुढे दोनच महिन्यांत, 6 डिसेंबरला, महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी राजगृहापासून दादरच्या चौपाटीपर्यंत रस्त्यावर लाखो माणसे पायी चालत होती आणि त्या दिवशी कोणाची हिंमत नव्हती त्यांना बाजूला व्हा म्हणण्याची.

आता आजचे बोलू. अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा. त्यात 2015 साली दुरुस्ती झाली, ती 26 जानेवारी 2016 पासून लागू आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला रस्ता वापरू न देणे, सायकल वा मोटारसायकलवर बसू न देणे, पायात चप्पल घालू न देणे, वरातीत नवरदेवाला घोड्यावर बसू न देणे हे तिथे गुन्हे म्हणून नावानिशी लिहिले आहेत. एकविसाव्या शतकात संसदेला हे लिहावे लागले, यातच सगळे आले. तेव्हा बांधवांनो, पांदण वा शेताची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागा. मुदत घालवू नका. जातीवरून अडवले असेल तर फिर्याद अत्याचार कायद्याखालीच द्या, आपसात मिटवून घेण्याच्या सल्ल्याला बळी पडू नका.

आणि एक कबुली आमचीही. काही वर्षांपूर्वी जयंतीच्या दिवशी आम्ही मोटारीने एका गावी भाषणाला निघालो होतो. उशीर झाला होता. अरुंद रस्त्यावर पुढे एक म्हातारी चालली होती. आम्ही जोरात हॉर्न वाजवला. ती दचकून बाजूच्या नालीत उतरली, पदर सावरत उभी राहिली आणि गाडीकडे बघून हात जोडले. अर्ध्या तासाने विहारात पहिल्या रांगेत तीच आजी पांढरे लुगडे नेसून बसली होती. लुगड्याच्या काठाला चिखल लागला होता. त्या दिवशी समतेवर आम्ही काय बोललो ते आम्हाला आठवत नाही, तो चिखल आठवतो.

आमच्या नवरदेवाने घोड्यावर बसावे, तो त्याचा हक्क आहे आणि तो अडवणाऱ्याला आम्ही कोर्टात खेचल्याशिवाय राहणार नाही. पण घोड्यावर बसणे हे चळवळीचे शेवटचे स्टेशन नव्हे. घोडा, मोटार, ट्रॅक्टर कोणाचाही असो, तो आला म्हणून पायी चालणाऱ्याला नालीत उतरावे लागू नये, तिथपर्यंत बाबासाहेबांची वाट जाते. ती वाट रोज चालत राहणे आपल्या हाती आहे. चालणे थांबले की वहिवाट मोडते, हे कोणताही वकील सांगेल.

जयभीम!