गाळाशी सबुरीने वागलेला माणूस

पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवायची आणि हंडा कोपऱ्यात ठेवून द्यायचा, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. हंड्याला धक्का लागला की सारे मुसळ केरात. हेच काम हजारो टन गाळावर, रात्रंदिवस न थांबता कसे करावे, याचे उत्तर जॉन व्हॅन नॉस्ट्रँड डॉर या अमेरिकन अभियंत्याने शोधले. उसाचा रस निवळणाऱ्या डॉर क्लॅरिफायरमुळे हे नाव आपल्या साखर कारखान्यांतही पोचले आहे.

डॉर यांचा जन्म १८७२ चा, न्यू जर्सीतील नेवार्कचा. कॉलेजात जाण्यापूर्वीच त्यांनी एडिसन यांच्या प्रयोगशाळेत उमेदवारी केली. १८९४ मध्ये रटगर्सची पदवी घेऊन त्यांनी दक्षिण डकोटातील ब्लॅक हिल्सची वाट धरली. तिथल्या खडकात सोने होते, पण फार विरळ. खडक दळून सायनाइडच्या द्रावणात सोने विरघळवायचे, ही रीत. बारीक दळावे तर चिखल होऊन द्रावण अडकून बसे. टाकी भरायची, गाळ बसेपर्यंत वाट पाहायची, वरचे द्रावण काढून घ्यायचे, पुन्हा भरायची. या वाट पाहण्यातच नफा बुडे. टेरी येथील गिरणीत डॉर स्वतः भागीदार होते. नुकसान त्यांच्याच खिशाला होते.

१९०४ मध्ये त्यांनी वाळू आणि बारीक गाळ वेगळा करणारे यंत्र केले. पाठोपाठ थिकनर आला. गोल टाकी, मधोमध गढूळ द्रावण सोडायचे, काठावरून निवळ बाहेर पडते. तळाशी फिरणारे दाते बसलेला गाळ मधल्या भोकाकडे लोटतात. सारे मर्म दात्यांच्या संथपणात होते. गाळ सरकावा, पण वरच्या द्रावणाला त्याची चाहूलही लागू नये!

या टाकीचे गणित सरळ आहे. कण तासाला एक मीटर खाली बसत असेल, तर एका चौरस मीटर पृष्ठभागातून तासाला फार तर एक घनमीटर निवळ पाणी मिळेल. टाकी खोल केल्याने तळाचा गाळ अधिक दाट होतो, पण निवळ वाढत नाही. पुढच्या अभियंत्यांनी कण एकमेकांना चिकटवणारी रसायने वापरून बसण्याचा वेग वाढवला, पाणी आत सोडण्याची जागा सुधारली. त्यामुळे लहान टाकीही जास्त काम करू लागली. मर्यादा पुढे सरकली, नाहीशी झाली नाही.

डॉर यांच्या कंपनीने हे तंत्र खाणीबाहेर साखर, रसायने आणि शहरांच्या सांडपाण्यापर्यंत नेले. १९४१ मध्ये त्यांना पर्किन पदक मिळाले. उतारवयात त्यांनी आणखी एक ध्यास घेतला. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले की वाहने मधल्या रेषेला बिलगतात, म्हणून रस्त्याच्या कडेलाही पांढरी रेषा हवी, ही पत्नी नेल यांच्याशी बोलताना पुढे आलेली कल्पना त्यांनी १९५० च्या दशकात नेटाने मांडली. १९६२ मध्ये ते निवर्तले.

बोईसरला त्यांचे स्मरण व्हावे, याला कारण आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सामुदायिक सांडपाणी केंद्राची क्षमता दिवसाला २५ दशलक्ष लिटर होती आणि त्याहून अधिक पाणी तिथे येत होते. खाडी आणि नवापूरचा समुद्र नासला, ही मच्छीमारांची तक्रार राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली; त्यानंतर मोठे केंद्र उभे राहिले. विरघळलेली रसायने निवळण्याच्या टाकीत बसत नाहीत, त्यांना वेगळी प्रक्रिया लागते, हे खरे. पण गाळाच्या टाकीतही आवाक्याबाहेर पाणी लोटले, की काठावरून निवळाऐवजी चिखलच उतू जातो. तो जातो कुठे, हे किनाऱ्यावर जाळे ओढणाऱ्याला विचारावे. गाळाला घाई करून चालत नाही, हा डॉर यांचा शंभर वर्षांपूर्वीचा धडा आपण मात्र हंड्यापुरताच लक्षात ठेवला.