महावीरचक्राचे मानकरी पांडुरंग साळुंखे

शाळेत पाठ केलेल्या लढाया आपल्याला फार दूरच्या वाटत. पण एका लढाईचा वीर आपल्याच तासगाव तालुक्यातला, मणेराजुरीचा. पांडुरंग साळुंखे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या 15व्या बटालियनमध्ये शिपाई होते.

3 डिसेंबर 1971 रोजी पाकिस्तानशी युद्ध पेटले. पंजाबात अमृतसर भागातील बुर्ज येथे शत्रू आत घुसून बसला होता. त्याला हुसकावण्याची कामगिरी या बटालियनवर आली. 5 डिसेंबरच्या रात्री चढाई झाली. समोरून तोफांचा आणि स्वयंचलित बंदुकांचा भडिमार सुरू होता. त्यातच शत्रूच्या एका रॉकेट लाँचरने सोबत्यांची वाट रोखली. जिवाची पर्वा न करता साळुंखे त्यावर धावून गेले आणि त्यांनी तो शत्रूच्या हातून हिसकावून घेतला. या झटापटीत गोळ्या लागून त्यांना वीरमरण आले.

युद्धातील शौर्यासाठी परमवीरचक्राखालोखाल मानाचे असलेले महावीरचक्र त्यांना मरणोत्तर देण्यात आले. हुद्दा साध्या शिपायाचा होता; पण सोबत्यांची वाट मोकळी करण्यासाठी पुढे झेपावण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. तासगावचे नाव बेदाण्यासाठी सर्वदूर घेतले जाते. ते घेताना मणेराजुरीच्या या जवानाचीही आठवण व्हावी.

त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.