माहेरालाही बोल लावणारी

लेक एकदा सासरी गेली की तिनं माहेरच्या कारभारात तोंड घालू नये, असं आपल्याकडे म्हणतात. सणावारी यावं, चार दिवस राहावं, गोडधोड खावं, खणानारळानं ओटी भरून घ्यावी आणि निघावं. भावांचं काही चुकतंय असं दिसलं तरी गप्प बसावं. पण उंबरठा ओलांडला म्हणून घराची काळजी सुटते का हो?

२०२३ साली इस्रायलच्या बातम्या बघताना मला हेच सारखं आठवायचं. त्या वर्षीच्या जानेवारीत तिथल्या सरकारनं न्यायालयांचे अधिकार कमी करायचा घाट घातला आणि तेल अविवमध्ये दर शनिवारी रात्री हजारो माणसं रस्त्यावर उतरू लागली. त्यात बायकाही पुष्कळ. आघाडीवर होती शिक्मा ब्रेसलर ही भौतिकशास्त्रज्ञ, पाच लेकरांची आई. पण मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. न्यूयॉर्क, लंडन, बर्लिनमध्ये राहणारे ज्यूसुद्धा निळे-पांढरे झेंडे घेऊन त्यांच्या गावातल्या चौकात उभे राहिले. पंतप्रधान नेतान्याहू बर्लिनला आणि लंडनला गेले, तर तिथंही ही मंडळी हजर! तुम्ही तिकडे सुखात राहता, मग इथल्या भानगडीत कशाला पडता, असा टोमणा त्यांना ऐकावा लागला.

मैत्रिणींनो, हा टोमणा इस्रायलच्या जन्माइतकाच जुना आहे. आणि तो ज्यांनी सोसला, त्यात एक बाई होती : हॅना आरेंट.

ज्यू म्हटलं की आपल्याला कोकणातले शनवार तेली आठवतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे. हॅना त्यांच्यातली नव्हे, ती जर्मनीतली. १४ ऑक्टोबर १९०६ ला हॅनोव्हरजवळ जन्मली, क्योनिग्सबर्ग शहरात वाढली. सात वर्षांची असताना वडील गेले. आई मार्था खंबीर होती. शाळेत शिक्षक ज्यूंबद्दल वाकडं बोलले तर उठून सरळ घरी यायचं, असं तिनं लेकीला शिकवलं होतं. मग आई शाळेला पत्र लिहायची.

पोर हुशार. तत्त्वज्ञान शिकायला मारबुर्गला गेली. तिथं अठराव्या वर्षी आपल्याच विवाहित प्राध्यापकाच्या, मार्टिन हायडेगरच्या प्रेमात पडली. हाच माणूस १९३३ मध्ये नाझी पक्षात गेला. तिच्या मनाला किती लागलं असेल, याचा विचार आपणच करावा. पुढे हायडेलबर्गला कार्ल यास्पर्स या गुरूंच्या हाताखाली तिनं डॉक्टरेट केली. हे गुरू तिला जन्मभर वडिलांसारखे राहिले.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. बर्लिनच्या ग्रंथालयात बसून ज्यूंविरुद्ध कुठं काय विषारी छापून येतंय, याची टिपणं काढायचं काम हॅनानं गुपचूप अंगावर घेतलं. पकडली गेली. पोलिसांनी आठ दिवस कोठडीत ठेवलं. तिचं नशीब असं की अटक करणारा अधिकारी तरुण होता आणि माणुसकीचा होता, म्हणून सुटली. मग तिथं थांबलीच नाही. आईला घेऊन, कागदपत्रांशिवाय, डोंगरातल्या सरहद्दीवर गेली. तिथं एक घर होतं, पुढचं दार जर्मनीत आणि मागचं दार चेकोस्लोव्हाकियात! दिवसा पुढून आत जायचं, जेवायचं आणि अंधार पडला की मागच्या दारानं बाहेर पडायचं. या मायलेकी अशाच सुटल्या.

पुढे पॅरिस. तिथं तिनं ज्यू मुलामुलींना पॅलेस्टाईनला पाठवणाऱ्या संस्थेत नोकरी केली. त्यांना शेतीकाम, कारागिरी शिकवून तिकडे धाडायचं. १९३५ मध्ये अशाच एका तुकडीबरोबर ती स्वतः पॅलेस्टाईनला जाऊन आली. त्या भूमीशी तिचं नातं नुसतं पुस्तकातलं नव्हतं.

१९४० मध्ये फ्रान्सनंही जर्मनीतून आलेल्यांना शत्रू ठरवलं आणि गुर्सच्या छावणीत डांबलं. फ्रान्स हरला, त्या गोंधळात हॅना छावणीतून बाहेर पडली. ज्या मागे राहिल्या, त्यातल्या कित्येक जणींना पुढे आउश्वित्झला नेलं गेलं. मे १९४१ मध्ये ती नवरा हाइनरिश ब्ल्यूखर याच्याबरोबर न्यूयॉर्कला उतरली, थोड्याच दिवसांत आईही आली. वय पस्तिशीकडे झुकलेलं आणि इंग्रजी येत नाही. मग एका अमेरिकन कुटुंबात काही दिवस राहून ती भाषा शिकली. डॉक्टरेट झालेली बाई, पण लाज बाळगली नाही! १९३३ ते १९५१ अशी १८ वर्षं तिला कुठल्याच देशाचा आधार नव्हता. रेशनकार्डावरचं नाव कमी झालं तरी आपला जीव कासावीस होतो. हिचं तर कुठल्याच देशाच्या वहीत नाव नाही. म्हणूनच हक्काचा देश असणं म्हणजे काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ज्यूंना आपलं घर हवं, हे तिला मान्यच होतं. पण शेजारच्या अरबांशी कायमचं वैर धरून ते घर टिकणार नाही, असंही तिला वाटायचं. मे १९४८ मध्ये इस्रायलची घोषणा झाली. सगळीकडे आनंदीआनंद, आणि नेमक्या त्याच महिन्यात हिचा लेख आला, अजून वेळ गेलेली नाही, सावरा, असं सांगणारा. आनंदाच्या वेळी अशी बाई कुणाला आवडणार?

त्याच वर्षाअखेर मेनाखेम बेगिन हे पुढारी अमेरिकेत पाठिंबा मिळवायला आले. त्यांच्या सशस्त्र संघटनेच्या माणसांनी एप्रिलमध्ये जेरुसलेमजवळच्या देर यासिन गावात शंभराहून अधिक अरबांना मारलं होतं, त्यात बायका आणि मुलंही होती. ४ डिसेंबर १९४८ ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक पत्र छापून आलं. सह्या होत्या आल्बर्ट आइन्स्टाइन, हॅना आणि आणखी वीसहून जास्त जणांच्या. हा पक्ष आज लोकशाहीची भाषा बोलतो, पण त्याची करणी बघा, त्याची रीत फॅसिस्टांसारखी आहे, याला मदत करू नका, असा त्याचा आशय. ज्यूंनीच ज्यू पुढाऱ्याविरुद्ध उघड बोलायचं, तेही छळछावण्यांच्या जखमा ओल्या असताना! जानेवारी १९४९ च्या पहिल्या निवडणुकीत बेगिन यांच्या पक्षाला १२० पैकी १४ जागा मिळाल्या. पुढे १९७७ मध्ये तेच बेगिन मतपेटीतून पंतप्रधान झाले, इजिप्तशी समेट केला आणि नोबेलही मिळवलं. पत्रातली सगळीच भीती खरी ठरली, असं म्हणता येणार नाही. पण तेव्हा कुणीतरी बोलायला हवं होतं, असं मला वाटतं.

१९५१ मध्ये हुकूमशाही कशी रुजते यावरच्या ग्रंथानं तिला मोठं नाव दिलं. १९६१ मध्ये लाखो ज्यूंना मृत्यूकडे धाडणाऱ्या आइशमानचा जेरुसलेममधला खटला ऐकायला ती गेली. त्याला फाशी व्हावी हे तिलाही पटलं. पण तो राक्षस नाही, विचार न करता हुकूम पाळणारा सामान्य माणूस आहे, असं तिनं लिहिलं. काही ज्यू पुढाऱ्यांनाही दोष दिला. झालं! जुने मित्र तुटले. ज्यूंवर तुझं प्रेमच नाही, असं तिच्या जवळच्या विद्वान मित्रानं, गेरशोम शोलेमनं कळवलं. तिनं उत्तर दिलं की प्रेम आपण माणसांवर, मित्रांवर करतो, अख्ख्या समाजावर करता येत नाही. आइशमानच्या बाबतीत ती चुकली होती, त्याच्या मनात ज्यूंचा द्वेष खोल होता, हे पुढच्या संशोधनातून दिसलं. पण तिच्यावरचा राग इतका, की ते पुस्तक हिब्रूत यायला २००० साल उजाडलं.

आणि तरी १९६७ आणि १९७३ च्या युद्धांत इस्रायलवर संकट आलं, तेव्हा हीच हॅना काळजीनं व्याकूळ झाली होती. आपल्याकडे नाही का, जी लेक भावाला तोंडावर बोलते, तीच त्याच्या आजारपणात रात्रीच्या एसटीनं येऊन उशाशी बसते?

४ डिसेंबर १९७५ ला न्यूयॉर्कच्या घरी पाहुण्यांबरोबर जेवण झाल्यावर ती हृदयविकारानं गेली. तारीख तीच, त्या पत्राची. टाइपरायटरवर नव्या भागाचा कागद तसाच चढवलेला होता.

२०२३ च्या त्या चौकांमधल्या किती जणांना ती ठाऊक होती, कोण जाणे. ऑक्टोबरमध्ये हमासचा हल्ला झाला, युद्ध पेटलं आणि ती निदर्शनं थांबली. न्यायालयांचे हात बांधणारा जो कायदा जुलैमध्ये मंजूर झाला होता, तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १ जानेवारी २०२४ ला ८ विरुद्ध ७ मतांनी रद्द केला. एका मतानं, बरं का!

तेव्हा तुमच्या घरी कुणी लेक माहेरपणाला आली आणि जेवताना काही खटकणारं बोलली, तर तिला लगेच गप्प करू नका. आधी ऐकून घ्या. तिचं सगळंच बरोबर असेल असं नाही, पण घर तिचंही आहे.