पडद्यावरची सिगारेट

'द ट्वायलाइट झोन' (१९५९-६४) या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेचे १५६ पैकी ९२ भाग रॉड सर्लिंग यांनी लिहिले. दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये पॅराट्रूपर म्हणून लढताना ते जखमी झाले. युद्धाची भयस्वप्ने पुढेही छळत राहिली. जाहिरातदारांना न रुचणारे युद्ध, वंशद्वेष हे विषय त्यांनी परग्रहवासीयांच्या आडून मांडले. निवेदनाला येत ते अनेकदा हातात सिगारेट घेऊनच. लोकांना ती ऐट आठवते, मला डॉक्टर म्हणून त्यांचे वय. धुरामुळे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब होते, त्यात गुठळ्या होतात. दिवसाला तीन-चार पाकिटे ओढणाऱ्या सर्लिंग यांना बायपास शस्त्रक्रियेदरम्यानच पुन्हा झटका आला. २८ जून १९७५ रोजी ते गेले, अवघ्या पन्नाशीत.