मातीचा हिशेब मांडणारा कुलोम

सारख्या मापाचे दोन गोल डबे घ्या. एक पाण्याने अर्धा भरा, दुसरा तांदळाने. झाकणे घट्ट लावा. फळीच्या एका टोकाखाली पुस्तक ठेवा आणि डबे आडवे करून वरून सोडा. पाण्याचा डबा घरंगळत खाली येईल. तांदळाचा जरासा हलेल आणि उतारावरच थांबेल. मुलांचा प्रश्न ठरलेला असतो: तांदूळही ओतता येतो, मग तो अडला का?

डबा कितीही फिरो, पाणी आपली पातळी सोडत नाही. तांदूळ मात्र फिरणाऱ्या भिंतीबरोबर मागच्या बाजूला चढतो, दाण्याला दाणा घासून तिथेच टेकून राहतो आणि त्याचे वजन डब्याला मागे ओढते. उतार वाढवला की दाणे कोसळतात, डबा चालू लागतो. पण त्या घासाघाशीत बरीच गती खर्ची पडते.

मातीतल्या या घर्षणाचा हिशेब ज्याने नीट मांडला, त्याचे नाव आपण शाळेत विजेच्या धड्यात वाचलेले असते: शार्ल कुलोम. जन्म १७३६ सालचा, फ्रान्समधल्या अंगुलेम गावचा. १७६१ मध्ये तो लष्करी अभियंता झाला आणि १७६४ मध्ये वेस्ट इंडिजमधल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधायला गेला. तिथे त्याची आठ वर्षे गेली. वारंवारच्या आजारपणांनी तब्येत खालावली, ती पुन्हा पूर्ववत झालीच नाही.

त्याच्यापुढचा प्रश्न रोजचा होता. मातीचा भराव अडवणारी भिंत किती जाड हवी? कमी पडली तर कोसळणार, जास्त झाली तर पैसा आणि मजुरांचे कष्ट वाया. कुलोमने ओळखले, की माती पाण्यासारखी रेटत नाही. तिचा एक तुकडा तिरक्या पातळीवरून घसरू पाहतो; कणांचे घर्षण आणि त्यांची आपापसातली चिकटण्याची शक्ती त्याला धरून ठेवतात. १७७३ मध्ये त्याने हे गणित पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवले. घर्षणावरील कामासाठी १७८१ मध्ये अकादमीचे पारितोषिक मिळाले. विजेचा नियम त्यानंतरचा, १७८५ चा. १८०६ मध्ये तो वारला.

आम्हा नाशिककरांना पाणी देणारे गंगापूर धरण मातीचे आहे. ओतता येणाऱ्या एका वस्तूने दुसरीला अडवून धरले आहे! हे बळ कणांच्या पकडीचे. भिंतीत झिरपलेल्या पाण्याचा दाब वाढला, तर ही पकड सैल होते. म्हणून मातीच्या धरणात झिरप्याला सुरक्षित वाट काढून द्यावी लागते. मला वाटते, कुलोमची ओळख मुलांना विजेच्या तारेपाशी होते तशी धरणाच्या उतारापाशीही व्हावी. नळाला येणाऱ्या पाण्यामागे त्याचाही थोडा हिशेब आहे.